विचारायला आलेल्यांना आपणही विचारू या

दुपारची कामं आटोपून रेडिओ लावला असेल, कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणी मशीनवर शिवत. हात चालू राहू द्या, कान फक्त इकडे द्या.

आज आम्ही एका बंद झालेल्या दारापासून सुरुवात करणार आहोत. मागच्या महिन्यात आमच्या एका गावात कॉलेजच्या दोन मुली फॉर्म घेऊन आल्या. वयाने आपल्या पोरींएवढ्याच. पाळीच्या त्रासाबद्दल, अंगावरून पांढरं जाण्याबद्दल विचारत होत्या. पहिल्या घरी आक्कांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बाळांनो, आमचं दुखणं लिहून नेऊन तुम्हाला डिग्री मिळंल, आम्हाला काय मिळंल?" दुसऱ्या घरी दारच लावून घेतलं. मुली रडवेल्या होऊन आमच्याकडे आल्या. "ताई, तुम्ही गटाला सांगा ना."

खरं सांगतो, आम्हालाही लगेच हो म्हणता आलं नाही. कारण चार वर्षांपूर्वी आम्ही असंच सांगितलं होतं. तेव्हा बाहेरून एक पथक आलं होतं, बायकांचं रक्त तपासायला. सहयोगिनी म्हणून आम्हीच घरोघर फिरलो, सकाळी उपाशीपोटी बायका रांगेत उभ्या केल्या, चहासुद्धा आम्हीच केला. बाटल्या भरून रक्त गेलं. रिपोर्ट आले नाहीत. आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता आम्हीही विसरलो. सहा महिन्यांनी गटातली एक वहिनी खुरपताना वावरात कोसळली. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, रक्त सहावर आलेलं. त्या रांगेत तीही होती. म्हणजे तिचा आकडा कुठल्या तरी कागदावर लिहिलेला होता. फक्त तिला माहीत नव्हता. आणि आमच्या रजिस्टरमध्ये त्या पथकाचा साधा फोन नंबरही नव्हता.

म्हणून आक्कांचा प्रश्न आम्हाला खोडता आला नाही. पण सोडूनही देता आला नाही. आम्ही वाचायला बसलो, विचारपूस केली. संशोधन म्हणजे नक्की काय, आणि त्यातून आपल्यासारख्या बायकांना कधी काही मिळालं का? तीन गोष्टी हाती लागल्या. एक डॉक्टरकीची, एक कायद्याची, एक विज्ञानाची. तिन्हींच्या मुळाशी खेड्यातल्या बायका आहेत.

पहिली गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीला कामाला लागले. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या काळी जगभर असं समजत होते की गरीब देशातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी. बाकी तिला काही होतं का, हे गावात जाऊन कुणी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात जेवढ्या येतील तेवढ्यांचाच हिशेब. आणि आपण दवाखान्यात कधी जातो? अगदी उठवेनासं झालं की.

त्यांनी वसा आणि अमिर्झा ही दोन गावं घेतली. दुखणं असो नसो, तेरा वर्षांच्या पुढच्या मुली-बायकांना तपासणीला बोलावलं. नुसतं विचारलं नाही, आतून तपासणी केली, लॅबमध्ये नमुने पाहिले. एकूण ६५० जणी. निकाल १९८९ मध्ये 'लॅन्सेट' नावाच्या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचा काही ना काही आजार होता. एकीला एकच नव्हे, सरासरी साडेतीनच्या वर आजार. आणि याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या किती? शंभरात ८.

मैत्रिणींनो, हा आकडा ऐकून आपल्याला धक्का बसला का? आमच्या बैठकीत कुणालाच बसला नाही. एक काकू म्हणाल्या, "आठ जणी चांगल्या होत्या म्हणतीस? त्या लाजल्या असतील." सगळ्या हसल्या. पण यातच मुद्दा आहे. आपल्याला जे माहीत होतं ते जगाला माहीत नव्हतं, कारण ते कुणी मोजलं नव्हतं. न मोजलेलं दुखणं सरकारच्या वहीत नसतं. वहीत नसलेल्या दुखण्यासाठी गोळ्याही येत नाहीत आणि डॉक्टरही येत नाही. १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर जगाची परिषद भरली. तिथे ठरलं की फक्त मुलं किती हे न बघता बाईच्या साऱ्या प्रजनन आरोग्याकडे बघायचं. त्या बदलामागे जे अभ्यास होते, त्यांत या दोन गावांतल्या बायकांच्या उत्तरांचाही वाटा आहे.

त्यांचंच दुसरं काम तर आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलं आहे. जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यात बाळं दगावायची. दवाखाना लांब, आणि बाळंतिणीला बाहेर काढायची रीत नाही. मग त्यांनी विचार केला, बाळ दवाखान्यात येत नसेल तर उपचार बाळाकडे का जाऊ नयेत? ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन कसं घ्यायचं, त्याला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं. काहींना वाटायचं, कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई कशी द्यायची? पण त्यांनी वाद घातला नाही, तुलना केली. आपण नवं बी आलं की काय करतो? अर्ध्या वावरात नवं पेरतो, अर्ध्यात जुनं. मळणीला आपोआप कळतं. तसं त्यांनी शेजारच्या गावांशी ताडून पाहिलं. तिसऱ्या वर्षी, आरोग्यदूत असलेल्या गावांत महिन्याच्या आतल्या बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने ६० टक्क्यांहून जास्त घटले. १९९९ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने हे काम देशभरच्या आशाताईंकडे दिलं.

आता आठवा. सुनेचं बाळंतपण दवाखान्यात झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ना? बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशीही येते. ती वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन येते तेव्हा आपल्याला वाटतं, हिला फॉर्म भरायचा असेल. फॉर्म तर आहेच, पण त्या भेटीमागे त्या ३९ गावांची मळणी आहे. तिला परत पाठवू नका. बाळाला उघडून बघू द्या.

आणि एक लक्षात घ्या. शोध लागला तरी तो शिकवला नसता तर कपाटात राहिला असता. संशोधन आणि शिकवणं ही जोडी आहे. एक चाक नसेल तर बैलगाडी चालत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. ऐकायला जड आहे. तीही त्याच मुलुखातली. १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर रात्री पोलिसांनी अत्याचार केला, असा खटला उभा राहिला. तिचं नाव पुस्तकांत आहे, पण आम्ही ते इथे घेणार नाही. का, ते पुढे कळेल. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये पुन्हा सोडून दिलं. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नाहीत, ती ओरडली नाही, म्हणजे तिची संमती असली पाहिजे.

ठाण्यात, रात्री, वर्दीतल्या माणसापुढे एक गरीब पोरगी. ती ओरडणार कुणाला?

पुढच्या वर्षी चार कायद्याच्या शिक्षकांनी तो निकाल ओळ न् ओळ वाचला. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. त्यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यात त्यांनी एक फरक मांडला. संमती देणं वेगळं आणि भीतीने शरण जाणं वेगळं. ज्याने हो म्हटलं तो शरण गेला असं म्हणता येईल, पण जो शरण गेला त्याने हो म्हटलं असं नाही. शाळेत गणिताच्या बाईंनी समजावून सांगावं, इतकी साधी गोष्ट. पण ती कुणीतरी अभ्यास करून, कोर्टाच्या भाषेत लिहावी लागली.

त्या पत्राच्या झेरॉक्स, सायक्लोस्टाईल प्रती हातोहात गेल्या. १९८० मध्ये ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असताना झालेला अत्याचार हा वेगळा गुन्हा धरला गेला. अशा खटल्यात संबंध आला हे सिद्ध झालं आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने नव्हतीच असं धरून चालायचं. आणि पीडित बाईचं नाव छापायचं नाही, हाही नियम तेव्हाच आला. म्हणून आम्ही त्या मुलीचं नाव घेतलं नाही. पुढे २०१३ मध्ये कायद्यात स्पष्टच लिहिलं की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं म्हणता येणार नाही. आताच्या भारतीय न्याय संहितेतही तो नियम आहे.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट आम्ही लपवणार नाही. त्या मुलीला स्वतःला काय मिळालं? काही नाही. सुटलेले सुटलेच. तिच्या दुःखावर जो अभ्यास झाला तो तिच्या नंतरच्या बायकांच्या कामी आला. आक्कांचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. देणारीला काय मिळालं? याचं गोड उत्तर आमच्याकडे नाही. एवढंच म्हणता येतं की आज आपली एखादी पोरगी ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तिच्या मागे जो कायदा उभा आहे तो त्या मुलीच्या उसन्यावर उभा आहे. आणि उसनं फेडायचं असतं, हे गटाच्या बायकांना सांगायला नको.

तिसरी गोष्ट आपल्या चुलीची. १९८० च्या सुमारास किर्क स्मिथ नावाचे अमेरिकेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सोबती गुजरातच्या खेड्यांत गेले. प्रदूषण म्हटलं की तेव्हा सगळे कारखान्याच्या धुराड्याकडे बघायचे. यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावर एक छोटा पंप लावला. तिचा श्वास जिथून चालतो तिथली हवा पंप ओढून घेतो आणि एका गाळणकागदातून सोडतो. कागद आधी नाजूक काट्यावर तोललेला असतो. भाकरी होईपर्यंत त्यावर काजळी बसते. मग तो पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे तेवढ्या हवेतून आपल्या छातीत जाऊ शकणारा धूर. इतकं सोपं शास्त्र. अभ्यास १९८३ मध्ये छापून आला आणि जगाला कळलं, कारखान्यांच्या शहरातल्या रस्त्यापेक्षा चुलीपुढची हवा कितीतरी वाईट आहे.

धुराचे हे कण किती बारीक? आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण शेजारी शेजारी बसतील. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. लाकूड ओलं असलं, हवा कमी पडली की ते अर्धवट जळतं, आणि अर्धवट जळणं म्हणजेच धूर. पुढच्या अनेक अभ्यासांनी दाखवलं की या धुराने लहान मुलांना न्यूमोनिया होतो, आणि बिडी कधी हातात न धरलेल्या बाईलाही जुनाट दम्यासारखा छातीचा आजार होतो. आपल्या आज्या खोकत खोकत गेल्या, आपण म्हटलं वय झालं. आता कळतं, ती चूल होती.

बाईच्या नावावर गॅस जोडणी देणारी उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. चुलीचा धूर हा रोग आहे हे मोजून दाखवलेलं नसतं, तर तिच्यासाठी सरकारपुढे कोण बोलू शकलं असतं? सिलिंडर भरायला पैसे नसतात आणि चूल पुन्हा पेटते, हेही खरं आहे. ज्या दिवशी पेटवाल त्या दिवशी सरपण वाळलेलं घ्या, खिडकी उघडी ठेवा, जमलं तर ओसरीवर मांडा आणि लेकराला कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नका.

तर आता परत त्या दोन मुलींकडे येऊ. आम्ही गटाची बैठक घेतली. बैठकीत भांडणही झालं. एक जण म्हणाली, उत्तर द्यायचंच नाही. दुसरी म्हणाली, नाही दिलं तर आपलं दुखणं पुन्हा वहीबाहेर. शेवटी आक्का म्हणाल्या, "त्या आपल्याला पन्नास प्रश्न विचारणार, मग आपण पाच विचारू." ते पाच प्रश्न आम्ही रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. तुम्हीही लिहून घ्या.

एक, तुम्ही कोण, कुठल्या संस्थेच्या, आणि तुमचे सर किंवा मॅडम कोण? नाव आणि फोन द्या.

दोन, हे कशासाठी विचारता? मराठीत लिहिलेला माहितीचा कागद द्या, आमच्याकडे राहील असा.

तीन, नाही म्हटलं तर चालेल का, आणि मधेच थांबलो तर? याचं उत्तर 'चालेल' हेच असलं पाहिजे. नाही म्हटलं म्हणून रेशन, औषध, कर्ज काहीही अडत नाही. बाईला वाचता येत नसेल तर कागद वाचून दाखवायचा आणि अंगठा घेताना त्यांच्या बाजूचा नसलेला एक साक्षीदार हवा.

चार, आमचं नाव कुठे जाईल? आणि ज्यात आमच्या अंगाला हात लागणार आहे, रक्त जाणार आहे, त्याला तुमच्या नैतिकता समितीची परवानगी आहे का?

पाच, निकाल आम्हाला कधी आणि कसा कळवणार? तपासणीत काही वाईट निघालं तर कुणाला सांगणार?

हे प्रश्न म्हणजे उद्धटपणा नव्हे. माणसांवरच्या संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नियम केलेले आहेत. माहिती देऊन संमती घ्यायची आणि माघार घेण्याची मोकळीक ठेवायची, हे त्यातच सांगितलंय. चांगला संशोधक या प्रश्नांनी खूश होतो. रागावला तर समजून घ्या. आणि कुणी आधारचा फोटो, बँकेचा नंबर, मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला, तर ते संशोधन नव्हे, चोरी आहे. दार लावायचं ते तेव्हा. जनगणनेचं मात्र वेगळं आहे. तिला खरी माहिती देणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

त्या मुली पुढच्या आठवड्यात परत आल्या. आक्कांनी पाचही प्रश्न विचारले. तीनची उत्तरं त्यांच्याकडे होती, दोनची नव्हती. त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. चार दिवसांनी मराठी कागद घेऊन आल्या. मग गटातल्या अकरा जणींनी उत्तरं दिली. तिघींनी नाही दिली, आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही. आक्कांनी दिली. निघताना एका मुलीने त्यांच्या पायाला हात लावला, तेव्हा आक्का म्हणाल्या, "शिक बाई, पण परत ये."

दिवाळीनंतर निकाल सांगायला येतो, असं त्यांनी लिहून दिलंय. कागद रजिस्टरला टाचलेला आहे. तारीख आली की आम्ही फोन करणार. यावेळी विसरणार नाही. ती वहिनी आता बरी आहे, गोळ्या चालू आहेत. तारखेची आठवण ठेवायचं काम तिनेच मागून घेतलंय.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.